पासवर्ड कुणाच्या खिशात?

पोरांच्या हातात मोबाईल आला, आता वाचनालयं बंद केली तरी चालतील, असं म्हणणारे पांढरपेशे आजकाल गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या घरी काचेच्या कपाटात पुस्तकं असतात. पोरगा पुण्याला नाहीतर बंगलोरला असतो. फॉर्म भरायला त्यांना कुणाच्या दारात ताटकळावं लागत नाही. मोबाईल आमच्याही हातात आहे. त्यावर रील येतात, उधारीचे ॲप येतात, जुगाराचे येतात. शिष्यवृत्ती येत नाही. सातबारा येत नाही. शासन निर्णय येत नाही. हे आपसूक येणाऱ्यातलं नाहीच, ते शोधावं लागतं. ज्याला शोधता येतं तो मालक, बाकी सगळे गिऱ्हाईक.

दोस्तांनो, हा लेख वाचनालयात काम करणाऱ्या माणसांनी इंटरनेट शिकण्याबद्दल आहे. हसू नका. कविता दे म्हणाले होते, कविता पुढच्या अंकात देईन. मी दहावी पास गोदी कामगार. ठेकेदाराच्या हजेरीवर आहे, आज बोलावलं तर काम, नाही तर झोपा. कम्प्युटरचा मी पंडित नाही. पण माल कुठून येतो, कुठं अडतो आणि कोण अडवतं, एवढं गोदीत कळतं. ज्ञानाचाही माल असतो. तोही गेटवर अडतो.

बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटमधून बाहेर पडलं की दहा मिनिटांवर टाऊन हॉल आहे. पांढरे खांब, भल्या मोठ्या पायऱ्या. आमच्यातले पुष्कळ जण त्या पायऱ्यांवर बसून डबा खातात, आत कुणी जात नाही. आत एशियाटिक सोसायटी. १८०४ साली सुरू झाली आणि पहिला हिंदी सभासद घेतला १८४० साली. छत्तीस वर्षं या देशाची पोथ्यापुस्तकं गोळा करून या देशाच्याच माणसाला दार बंद. आणि उघडलं ते कुणासाठी? शेटियांसाठी. तुमच्याआमच्या आज्यापणज्यासाठी नव्हे. त्याच इमारतीत आपल्या राज्याचं ग्रंथालय संचालनालय बसतं. मारेगावच्या वाचनालयाच्या कागदाचा शेवट तिथं होतो.

दार बंद असण्याची गोष्ट नवी नाही. म्हणून तर १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं काढणं होतं. वाचनालय ही त्यांच्यासाठी शोभेची वस्तू नव्हती. दादरला राजगृह बांधलं तेसुद्धा पुस्तकं राहतील अशा बेतानं. आणि सातासमुद्रापार बघा. १९६१ सालच्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजची नऊ काळी पोरं-पोरी गोऱ्यांच्या सार्वजनिक वाचनालयात शिरली, पुस्तकं घेतली, खुर्चीवर बसून वाचायला लागली. एवढाच गुन्हा. पोलिसांनी धरून तुरुंगात टाकलं. वाचायला बसणं हा तिथंही हल्लाच मानला गेला. आपल्या पँथरनं नाव उसनं घेतलं ते त्याच काळ्यांच्या लढ्यातून, हे ध्यानात असू द्या.

आता दाराला कुलूप नसतं. बोर्डावर 'सर्वांसाठी खुले' लिहिलेलं असतं. कुलूप आत सरकलंय. त्याला पासवर्ड म्हणतात.

मारेगाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यवतमाळ जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, वणीच्या शेजारी. कापसाची काळी माती. पाऊस दगा देतो, बोंडअळी दगा देते, भाव दगा देतो आणि मग वर्तमानपत्रात आत्महत्येचा आकडा येतो. मार्डी, कुंभा, बोटोणी अशी गावं. मधेमधे कोलामांचे पोड. कोलाम म्हणजे सरकारी कागदात 'विशेष असुरक्षित आदिवासी समूह'. महाराष्ट्रात असे तीनच, कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड. या पोडावरच्या पोरीला अकरावीला जायचंय. तिला काय काय लागतं? जातीचा दाखला, ऑनलाईन. उत्पन्नाचा दाखला, ऑनलाईन. जात वैधता, अर्ज ऑनलाईन. शिष्यवृत्ती, महाडीबीटीवर ऑनलाईन. बापाच्या वनहक्काच्या दाव्याचं काय झालं ते बघायचं तर कोणता कागद कुठल्या कचेरीत गेला हे आधी कळायला पाहिजे.

मग ती जाते सेंटरवर. सेंटरवाला बिचारा धंदा करतो, त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण धंदा कसा चालतो ते बघा. फॉर्म भरताना पोरीकडं मोबाईल नसला किंवा बापाचा नंबर रिचार्जवाचून बंद असला, तर तो आपलाच नंबर टाकतो. पासवर्डही तोच ठरवतो, त्याच्याच वहीत लिहितो. वर्षभरानं अर्जात त्रुटी निघते, दुरुस्त करायला आत शिरावं लागतं, ओटीपी जातो त्याच्या नंबरावर. माझ्या मावसभावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. सेंटर दुसऱ्यानं घेतलं, नंबर बंद, वही गायब. पोरगं तीन चकरा मारून कंटाळलं. शिष्यवृत्ती गेली, मागोमाग कॉलेज गेलं. आता तो माझ्याच पाळीला येतो. कुणी त्याला शाळेबाहेर हाकललं नाही, कुणी जातीवरून बोललं नाही, कुणावर ॲट्रॉसिटी लावावी असा माणूस सापडत नाही. असा सफाईदार बहिष्कार पेशवाईलाही जमला नव्हता!

त्या सेंटरपासून हाकेच्या अंतरावर वाचनालय होतं. सरकारी अनुदानाचं. तिथं कम्प्युटर होता, त्यावर प्लास्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर धूळ.

वाचनालयातल्या माणसाला जर हे येत असतं तर? फार मोठं काही नाही. पोराला स्वतःच्या नावाचा ईमेल काढून देणं. पासवर्ड त्याच्याच हातानं टाकायला लावणं आणि त्याच्याच वहीत लिहायला लावणं. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवायला शिकवणं. एवढ्यानं एक माणूस गोदीत यायचा वाचला असता. आणि याच्या पुढचं ऐका. सातबारा सरकारच्या संकेतस्थळावर बघायला फुकट आहे, डिजिटल सहीचा पाहिजे तर पंधरा रुपये. शासन निर्णय सगळे सरकारच्या संकेतस्थळावर असतात, तारखेनिशी, क्रमांकानिशी. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली हुकूम दिलाय की एफआयआर नोंदवल्यापासून चोवीस तासांत पोलिसांनी ती संकेतस्थळावर टाकली पाहिजे. लैंगिक अत्याचार, दहशतवाद असली नाजूक प्रकरणं तेवढी वगळून. आता विचार करा, वस्तीवर मारहाण होते, ठाण्यात म्हणतात घेतली तक्रार, जा घरी. घेतली की नाही, ॲट्रॉसिटीचं कलम लावलं की नुसतीच किरकोळ हाणामारी दाखवली, हे बघायला ठाण्याच्या पायऱ्या चढायची गरज नाही. वाचनालयातल्या टेबलावर बघता येतं. बघणारा माणूस पाहिजे. माहितीचा अधिकार ऑनलाईन वापरता येतो. सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल मराठीत उतरवलेले मिळतात. हे सगळं आपल्याच पैशातून झालंय आणि आपल्याच माणसाला पत्ता नाही.

म्हणजे वाचनालयातला माणूस शिकला पाहिजे. इथवर सरकारही मान डोलावतं. सरकारला शिकवायला फार आवडतं. आता ते शिकवणं कसं असतं ते ऐका. गेल्या वेळी गावी गेलो होतो, वाचनालयात डोकावलो. काकाजी मला लहानपणापासून ओळखतात.

"काय गा, कधी आला मुंबईहून?"

"कालच काकाजी. तुम्ही ट्रेनिंगले गेले होते म्हणे?"

"गेलो होतो ना बाप्पा. पडद्यावर सारं इंग्रजीत. तो साहेब बटन दाबे, पान पलटे. मंग चहा देल्ला, सर्टिफिकेट देल्लं, फोटो काढला. एकाही माणसाचा हात कम्प्युटरले लागला नाही."

"मंग आता इथं सुरू काऊन करत नाही?"

"पासवर्ड सेक्रेटरीपाशी हाये. बिघडवशीन म्हन्ते."

घ्या! साठीला आलेला माणूस. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर, दाखल नोंदवहीतला नंबर तोंडपाठ. आणि तो बटन दाबून बिघडवील. हेच वाक्य आपण किती जागी ऐकलंय ते आठवा. शिवशील तर बाटेल, दाबशील तर बिघडेल. भाषा बदलली, हात तोच.

आणि हा सेक्रेटरी कोण? इथं कायद्याची गंमत आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रासनं १९४८ सालीच कायदा केला आणि मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर बसवला. केरळनं १९८९ मध्ये केला, तिथंही उपकर आहे. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रानं उपकर बसवलाच नाही. शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घ्यायला पैसे पडत नाहीत, उपकराला पडतात. आपल्याकडं सरकार स्वतः वाचनालय चालवण्याऐवजी गावातल्या मंडळींच्या संस्थेला अनुदान देतं. गावातली मंडळी म्हणजे कोण ते मारेगावात काय आणि मालेगावात काय, सांगावं लागत नाही. अध्यक्ष पुढारी, सचिव त्याचा साडू, जागा त्याच्याच चुलत्याची. कुठं कुठं खरीच तळमळीची माणसं आहेत, त्यांना माझा सलाम. त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

आता पैशाचं. कविता लिहिणाऱ्यानं हिशोब करू नये असा सदाशिवपेठी दंडक आहे, पण माझं पोट हजेरीवर चालतं, मला हिशोब येतो. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. वर्ण म्हणा हवं तर, चारच आहेत! खेड्यातलं सगळ्यात खालचं ते ड. त्याला वर्षाचं परिरक्षण अनुदान होतं ३० हजार रुपये. कित्येक वर्षं तेवढंच. २०२२-२३ साली सरकारनं ६० टक्के वाढ दिली, हार घालून घेतले. ३० हजाराचे झाले ४८ हजार. त्यातला निम्मा भाग पगाराचा, निम्मा पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, भाडं यांचा. म्हणजे पगाराला वर्षाचे २४ हजार. महिन्याला २ हजार. ही वाढीनंतरची गोष्ट. वाढीआधी महिन्याला साडेबाराशे. २०२३-२४ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर माती उपसणाऱ्याची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे वाचनालय सांभाळणाऱ्याचा महिना मातीवरच्या माणसाच्या सव्वासात दिवसांत निघत होता. वरच्या वर्गांना अनुदान जास्त, पण माणसंही जास्त, वाटून घेतलं की तोंडाला पानंच.

आणि या माणसाला तुम्ही सांगता की बाबा रे, आता नवीन युग आलं, डिजिटल हो. स्वतःच्या मोबाईलचा डेटा जाळ, स्वतःच्या खर्चानं एस्टीनं यवतमाळला ये, एमएस-सीआयटी कर, फी भर. एवढ्याशा पगारात? तो दुपारी वाचनालय बंद करून दुसऱ्याच्या दुकानात हिशोब लिहितो, पावसाळ्यात शेतावर जातो. त्याला आळशी म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दुनियेत हे कसं झालं ते बघू. २००६ साली अमेरिकेत शार्लट मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक वाचनालयात हेलन ब्लोअर्स नावाच्या बाईनं कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या छोट्या गोष्टींची यादी केली. आज ब्लॉग काढून बघ, उद्या फोटो चढवून बघ, परवा विकी. कुणी पडद्यावर भाषण ठोकायचं नाही, ज्यानं त्यानं स्वतःच्या हातानं करून बघायचं, अडलं तर शेजारच्याला विचारायचं. पुरं करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर बक्षीस. पुढं जगभरच्या वाचनालयांनी ती यादी उचलली. त्याआधी १९९७ पासून बिल गेट्सच्या पैशातून तिथल्या गरीब भागांतल्या वाचनालयांना कम्प्युटर आणि कर्मचाऱ्यांना शिक्षण मिळत गेलं. शेठ आपलं गिऱ्हाईक तयार करत होता, ते उघड आहे. पण त्या शेठलाही एवढं कळलं होतं की नुसतं खोकं देऊन भागत नाही, खोक्याशेजारी बसणारा माणूस शिकवावा लागतो.

आपल्याकडं २०१४ साली राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय ग्रंथालय मिशन सुरू झालं. ४०० कोटींची योजना. त्यात कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं वेगळं कलम होतं. त्यातून दिल्लीला एक देखणं पोर्टल निघालं, २०१९ साली. जुनी चित्रं, हस्तलिखितं, खाद्यपदार्थांच्या गोष्टीसुद्धा. मारेगावच्या काकाजींच्या वाट्याला पडद्यावरची इंग्रजी पानं आणि चहा. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं 'एक राष्ट्र एक सदस्यता' मंजूर केली. तीन वर्षांचे ६ हजार कोटी, जगभरची महागडी संशोधनाची मासिकं सुमारे ६,३०० सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली. चांगलंच झालं, परदेशी प्रकाशकांना लुटू तरी एका दारातून देतोय. पण राष्ट्र एक म्हणता तर त्या राष्ट्रात तालुक्याचं वाचनालय का नाही? जो पोरगा विद्यापीठाच्या गेटपर्यंत पोचलाच नाही त्याचं राष्ट्र कुठलं?

ही यंत्राची भानगड आम्हा गोदीवाल्यांना जुनी आहे. १९५६ च्या एप्रिलात अमेरिकेत पहिलं कंटेनर जहाज निघालं, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपण नागपूरला धम्म घेतला. आपल्या बापजाद्यांना तेव्हा काय ठाऊक की एक पेटी त्यांच्या पाठीवरचं पोतं काढून घेईल. पोतं गेलं ते बरं झालं, पण पोत्याबरोबर भाकरी गेली. १९८९ साली न्हावाशेवा उघडलं. माल तिकडं वळला, क्रेन आल्या. १९९४ साली डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. जुन्या कामगारांना यंत्र कितीसं शिकवलं? स्वेच्छानिवृत्तीचा कागद शिकवला. स्वेच्छा! आणि त्या जागी आम्ही ठेक्यावरची पोरं.

उलट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेसच्या युनियननं १९६० साली मालकाशी करार केला. यंत्र आणा, आम्ही अडवत नाही. पण यंत्रानं वाचवलेल्या पैशात आमचा वाटा टाका, नोंदणीकृत कामगाराला घरी बसवायचं नाही, पेन्शन द्यायची. त्या करारातही खोट होती, नव्या पोरांना दुय्यम ठेवून जुन्यांनी आपलं साधलं, तो वाद वेगळा. मुद्दा एवढाच की यंत्र आलं तेव्हा त्यांनी सौदा केला. आपल्या वाचनालय कर्मचाऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षं वेतनश्रेणी मागतायत, मोर्चे काढतायत, त्या मागणीला आपला पाठिंबा आहेच. त्यात हेही घाला: शिकायचे दिवस कामाचे धरा, त्याची मजुरी द्या, येण्याजाण्याचं भाडं द्या, मराठीत शिकवा, प्रत्येकाच्या हाताखाली यंत्र द्या. आणि पासवर्ड काम करणाऱ्याच्या हातात. हे मागितल्याशिवाय डिजिटलचं एकही खोकं आत घेऊ नका. नाहीतर उद्या ई-लायब्ररी आली म्हणून काकाजींनाच जादा ठरवतील. आमच्या गोदीत तेच झालं.

आता काही जण म्हणतील, गूगल आहे ना, शोधायला शिकायचं काय त्यात? सांगतो. गोदीत प्रत्येक कंटेनरला नंबर असतो, चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. मधला एक आकडा चुकला की शेवटचा आकडा जुळत नाही, यंत्र लगेच बोंब मारतं. मालाची एवढी काळजी! आणि माणसाच्या नावाची? अण्णा भाऊ साठे असं एका वाचनालयात टाकतात, दुसऱ्यात अण्णाभाऊ जोडून. एकात आंबेडकर, एकात आम्बेडकर, एकात इंग्रजीत नुसतं बी. आर. पोरगं एका तऱ्हेनं टाईप करतं, पडद्यावर शून्य येतं. ते म्हणतं, पुस्तक नाही. पुस्तक फळीवर असतं! कित्येक ठिकाणी जुन्या फॉन्टात यादी केलीय, युनिकोड नाही. नव्या यंत्रावर उघडली की नुसती किरमिटं. वर्षभर राबून केलेलं काम मातीत. कुठलंही यंत्र हे आपणहून सांगत नाही. एकाच माणसाची पाच नावं एकाखाली बांधायची असतात, हे वाचनालयाचं जुनं शास्त्र आहे. ते येणारा माणूस पाहिजे आणि त्याला आपली माणसं ठाऊक पाहिजेत. ज्यानं बाबूराव बागूल वाचलेच नाहीत तो बागूल ऱ्हस्व की दीर्घ याची पर्वा कशाला करील?

आणि पुस्तकांचे नंबर कुणाचे? पुष्कळ वाचनालयांत मेल्विल ड्युईचे, १८७६ सालचे. धर्माला २०० ते २९९. त्यातली २२० ते २८० ची सगळी लांबरुंद जागा ख्रिस्ती धर्माला, उरलेले जगातले सारे धर्म २९० च्या खुराड्यात. आपला धम्म २९४.३, दशांश चिन्हाच्या पलीकडं. या ड्युईचा एक क्लब होता, त्यात ज्यू आणि काळे यांना मज्जाव. त्याचं नाव आपल्या पदकावरून काढायचं अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं ठरवलं ते २०१९ साली. त्यांनी तेवढं तरी केलं. आपल्याकडं कुणाकुणाची नावं कशाकशावरून काढावी लागतील, ती यादी या अंकात मावणार नाही. सांगायचं इतकंच की कपाट असो की कम्प्युटर, रचना करणाऱ्याची जात त्यात उतरते. म्हणून रचना करणाऱ्यांत आपली माणसं पाहिजेत, नुसती झाडू मारायला नकोत.

आता थोडं आपल्याच लोकांना. १४ एप्रिलला आपल्या व्हॉट्सॲपवर बाबासाहेबांची म्हणून जी वाक्यं फिरतात त्यातली किती त्यांची असतात? कुणीही काहीही लिहितो, खाली निळा झेंडा, फोटो, पाठव पुढं. शत्रू तेवढंच धरून आपल्याला खोटं पाडतो. १९७९ साली महाराष्ट्र शासनानं वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. चौथा खंड १९८७ मध्ये आला तेव्हा 'रिडल्स'वरून केवढं रान पेटलं, तो जाळला गेला, आपले लाखो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले. ज्या पुस्तकासाठी रस्त्यावर उतरलो ते उघडून बघणारे किती? हे इंग्रजी खंड केंद्र सरकारच्या संकेतस्थळांवर फुकट उतरवून घेता येतात. छापील प्रतींची तर अशी रड की २०२१ साली वर्तमानपत्रातली बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घ्यावी लागली. बातमी अशी होती की ९ लाख प्रतींसाठी कोट्यवधींचा कागद घेतला आणि छापल्या त्या ३३ हजार. कागद गोदामात पडून, वस्तीत पुस्तक नाही. आणि फुकटचं पुस्तक हवेत तरंगतंय, ते खाली उतरवून वाचनालयाच्या कम्प्युटरवर ठेवणारा, पोराला पान काढून दाखवणारा, हे वाक्य खंडात आहे की नाही ते तपासायला शिकवणारा माणूस कुठल्याच तालुक्याला नेमलेला नाही. तो काकाजी होऊ शकतो. त्याला कुणी विचारलंय का?

म्हणून मी या वेळी मारेगावच्या पोरांना सांगून आलोय, तुम्हालाही सांगतो. आपापल्या गावच्या, वस्तीच्या वाचनालयाचे सभासद व्हा. वर्गणी भरा, पावती घ्या. संस्था नोंदलेली असते, तिची वार्षिक सभा असते, बहुतेक ठिकाणी ती कागदावरच उरकतात. सभेची नोटीस मागा. सभेला दहा-पंधरा जण जाऊन बसा आणि विचारा, कम्प्युटर कधी आला, कुणी चालू केला, पासवर्ड कुणाकडं आहे, ग्रंथपालाला पगार किती आणि तो त्याच्या खात्यावर जातो की सचिवाच्या हातानं. उत्तर नाही मिळालं तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत या वाचनालयाला किती अनुदान दिलं, वेतनावर किती खर्च दाखवला, प्रशिक्षणाला कोण गेलं, प्रशिक्षणावर किती खर्च झाला. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. ग्रंथपालाला आधी विश्वासात घ्या, त्याची नोकरी आधीच सुतावर लटकलीय, त्याच्या अंगावर जाऊ नका. तो आपल्या बाजूचा आहे. नसला तर होईल.

मारेगावच्या चार पोरांनी पावत्या फाडल्यात. त्यातली एक पोरगी कोलामपोडावरची आहे. तिनं काकाजींना विचारलं, सभा कधी असते. काकाजी म्हणाले, पंचवीस वर्षांत मलेच कोणी सांगितलं नाही, थांब, रजिस्टर पाहतो.